पाहुण्याचं पाणी

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे : ‘प्रत्येक हापशी पाच मिनिटं चालवून, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळून नमुना घेतला.’ एका गावापुरतं हे खोटं आहे. तिथल्या हापशीला मी हातही लावला नव्हता.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पदव्युत्तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. भंडाऱ्यात डिप्लोमाच्या मुलांना स्थापत्य शिकवायचो आणि नोकरीत टिकायचं तर ही पदवी लागणार होती. मार्गदर्शक माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. ते मला सर म्हणायचे, मी त्यांना. विषय घेतला होता गोसीखुर्द धरणामुळे उठलेल्या गावांच्या नव्या वस्त्यांमधलं पिण्याचं पाणी.

त्या गावात पोचेपर्यंत ऊन चढलेलं असे. हापशी एका घराच्या मागच्या अंगाला होती. घरच्या बाई ग्रामपंचायतीच्या सदस्य, वयाने माझ्याएवढ्याच. मी बाटल्या काढल्या की त्या हातातून घ्यायच्या.

“बसा जी सर. आमी आनतो भरून.”

मी बसायचो. पंख्याखाली, घरातल्या एकुलत्या खुर्चीवर. तो मान मला आवडायचा, हेही लिहून टाकतो. चार फेऱ्या झाल्या आणि चारही वेळा मी बसलो.

सगळ्या गावांत याच गावचं पाणी उत्तम निघालं. मार्गदर्शक खूश झाले. “सर, इथे काहीतरी वेगळं आहे, निष्कर्षात हेच पुढे आणा.” तिथल्या खडकामुळेच पाणी चांगलं आहे, अशी मी दोन पानं लिहिली.

प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले असताना फोटो काढायला गेलो. तेव्हा पहिल्यांदा हापशी पाहिली. ओट्यावर पांढरे थर जमले होते, आणि शेजारी एक म्हैस बांधलेली.

“हे पाणी म्हशीला?” मी विचारलं.

“मंग काय करता? ढोराईले, नाही तं भांडे घासाले. त्यात डाळ नाही शिजत जी.”

“मग माझ्या बाटल्यांत?”

“ते तं शेतातल्या विहिरीचं. आमी प्यासाठी डोक्यावर आनतो ते.” बाई हसल्या. “पावन्याले हापशीचं देत असतेत का? तुमच्या बाटल्या लय लहान तोंडाच्या. दर खेपेले अर्धी घागर सांडली माही.”

परत येताना गाडी दोनदा थांबवली. नमुने पुन्हा घ्यायचे तर आणखी एक सत्र जाणार होतं, आणि तोवर नोकरी राहील याची खात्री नव्हती. मी काहीच बदललं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “हापशी चालवून घेतली होती ना?” मी म्हणालो, “हो सर.” पुढचा प्रश्न वेगळाच होता. मला पदवी मिळाली.

दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. गावाला नळयोजना हवी म्हणून पंचायत अर्ज करत होती. त्याला माझा प्रबंध, त्यांच्या भाषेत पुस्तक, जोडायचा होता. “सरानं येवढं तपासलं, त्याचा कागद असला तं वजन पडंल.” मी पाठवतो म्हणालो. त्यानंतर त्यांचा फोन मला उचलवेना. वर्गात फळ्यावर आकृती काढताना हात मध्येच थांबायचा. पोरं मागे कुजबुजायची. जे पुस्तक त्यांना आधार वाटत होतं, त्यात त्यांचं पाणी पिण्यास योग्य असल्याचं छापलं होतं.

दहाव्या दिवशी गेलो. खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं : बाटल्या, ती दोन पानं, ‘हो सर’.

 बाई म्हणाल्या, “म्हन्जे आमच्याच गोड पान्यानं आमचा नळ अडला असता.”

“चूक माझी आहे.”

“तुमचीच हाय. पन माही बी जीभ झडली नोयती. सांगतलं असतं एक डाव.” त्या उठल्या. “पुस्तक घरीच ठेवा. बाटल्या आनल्या का?”

आणल्या होत्या. हापशी जड होती. पाच मिनिटांत माझा दम निघाला. बाई दारातून बघत होत्या. “हात भरून आले का, सर? आमी रोज मारतो.” मी बाटल्या विसळल्या, भरल्या, चिठ्ठ्या लावल्या. निघताना त्यांनी नेहमीसारखा तांब्या पुढे केला. मी हापशीचं द्या म्हणालो. “ते नाही भेटत,” त्या म्हणाल्या. विहिरीचंच पाणी प्यालो.

नवा अहवाल माझ्या सहीने अर्जाला जोडला आहे. त्याची एक प्रत, सोबत सगळं कबूल करणारं पत्र लिहून, मार्गदर्शकांना पाठवली. त्यांचा सकाळी फोन आला होता. आवाज चढलेला नव्हता. “सर, यात माझंही नाव आहे, हे लक्षात होतं ना तुमच्या?” नव्हतं. त्यांनी सोमवारी बोलावलंय. आज शनिवार आहे, आणि तिसरं प्रकरण मी पुन्हा उघडून बसलो आहे.