अण्णाने वाटलेले ड्रायव्हर

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका पुरवठादाराशी भांडत होतो. त्याने पाठवलेले काही सीडी ड्राइव्ह चालत नव्हते, ते परत घ्यायला तो तयार नव्हता, आणि मी सोडणारा नव्हतो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे अण्णाचा धाकटा भाऊ होता. सकाळी फिरायला निघालेला अण्णा फाटकापाशीच खाली बसला, वहिनींना म्हणाला, “स्वल्प थांब...” आणि संपलं. मी फोन ठेवला. माल मात्र मी पुरवठादाराला परत न्यायला लावला. त्या क्षणी दुसरं काय करायचं, हे मला सुचलं नाही.

नरहरीअण्णा माझा भागीदार. त्याचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं, त्यामुळे त्याच्या मराठीत निम्मं कन्नड. मी सोलापूरहून आलेला. या शहरातली माझी पहिली नोकरी एका गोदामात खोकी उचलण्याची. तो शिकलेला इंजिनीअर, मला शिकवलं ते बाजाराने. मल्लेश्वरममध्ये आम्ही संगणक दुरुस्तीचं दुकान काढलं तेव्हा ठरलं होतं की यंत्रं त्याने बघायची आणि माणसं मी. तो मला चेष्टेने “सावकार” म्हणायचा. “काय सावकार, आज कोणाला सोललंस?” हा त्याचा रोजचा नमस्कार.

मग नवी विंडोज आली आणि जो तो जुना संगणक काखेत मारून दुकानात येऊ लागला. सगळ्यांना नवी हवी, पण घरातला प्रिंटर, मोडेम, साउंड कार्ड मात्र जुनंच ठेवायचं. आता प्रत्येक यंत्राचा एक ड्रायव्हर असतो, म्हणजे त्या यंत्राशी कसं बोलायचं हे संगणकाला सांगणारा छोटासा प्रोग्राम. जुन्या विंडोजचा ड्रायव्हर नवीत चालेलच असं नाही, आणि तो चालला नाही तर चांगला धडधाकट प्रिंटर टेबलावर नुसता बसून राहतो. कंपन्यांना विचारावं तर उत्तर एकच, “ते मॉडेल बंद झालं, नवीन घ्या.” तेव्हा ज्या दुकानाकडे ड्रायव्हरची फ्लॉपी, त्याचंच गिऱ्हाईक. आमच्याकडे अशा फ्लॉप्यांची एक पत्र्याची पेटी भरत गेली. त्यातल्या बऱ्याच मी मिळवलेल्या होत्या. कुणाकडून गोड बोलून, कुणाकडून वाद घालून. रुंद कागदाच्या एका प्रिंटरचा ड्रायव्हर तर मी वितरकाकडून रिबनींचं एक खोकं जास्तीचं उचलून, त्या बदल्यात काढून घेतला होता. अशी फ्लॉपी आसपास कोणाकडे नव्हती. ती मी पेटीत ठेवली, आणि त्याच आठवड्यात अण्णाने तिची कॉपी पलीकडच्या गल्लीतल्या मंजुनाथला दिली. मंजुनाथचं दुकान आमच्यासारखंच, गिऱ्हाईकही आमच्यासारखंच. म्हणजे आमचंच.

“तो कोरी फ्लॉपी घेऊन आला होता. नाही कसं म्हणू?” अण्णा म्हणाला.

“तोंडाने! तोंडाने म्हणतात नाही!”

“अरे, आपली पेटीतच आहे की. कॉपी केल्याने कमी होते का?”

“फ्लॉपी नाही होत. गिऱ्हाईक होतं.”

“सरी, सरी, बरं. कॉफी घेऊ या,” म्हणून तो उठला. अण्णाशी भांडणं म्हणजे गादीला बुक्के मारणं. आपलाच हात दुखतो. त्यानंतरही जो येईल त्याला तो कॉपी देत राहिला. मला विचारलं एकदाही नाही.

मग विमलाअक्कांचं काम आलं. अक्का लग्नपत्रिका छापायच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही, आणि त्यांच्याकडे तोच रुंद प्रिंटर होता. लग्नसराई तोंडावर होती, लोक मजकूर नव्या विंडोजमधून आणून देत, अक्कांच्या संगणकावर तो उघडत नसे. त्यांची डिस्क एवढीशी की जुनं पुसल्याशिवाय नवं मावणार नव्हतं. “आपल्याकडे ड्रायव्हर आहे,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, अण्णाने जुनं पुसलं, नवं चढवलं, आणि पेटीतली ती फ्लॉपी घातली. ड्राइव्ह नुसता खरखरत राहिला. पावसाळ्यात पेटीत दमट हवा शिरली होती, फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरली होती. मी वितरकाकडे धावलो, त्याने हात वर केले. अक्का खुर्चीवरून उठल्याच नाहीत. “अय्यो, चार घरच्या पत्रिका घेऊन बसलेय मी! लोकांना काय सांगू, लग्न पुढं ढकला म्हणून?”

अण्णा तसाच बाहेर पडला आणि मंजुनाथकडून ती कॉपी घेऊन आला. माझीच, रिबनींच्या खोक्यावर मिळवलेली. जीव मुठीत धरून आम्ही ती घातली, आणि थोड्या वेळाने प्रिंटरने कुरकुरत कुणाच्या तरी मुहूर्ताची ओळ छापली. अक्कांनी तो कागद डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि अण्णाच्या पाठीवर थाप मारली.

अण्णाने मला “बघ” म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्याने तीही सोय ठेवली नाही. विमलाअक्कांनी मात्र सगळ्या मल्लेश्वरमला सांगितलं की मंजुनाथने लाज राखली, आणि पुढचा संगणक त्याच्याकडून घेतला. त्यामुळे त्या दिवशी अण्णा बरोबर ठरला, असं कोणी म्हणत असेल तर म्हणो. काम झालं हे खरं, गिऱ्हाईक गेलं हेही खरं. आणि मला विचारायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.

अण्णाला निरोप द्यायला शहरभरचे संगणकवाले आले होते. ज्यांच्याशी मी भावावरून भांडलो, तेही. एकेकाकडे बघताना मला तो काय घेऊन गेला ते आठवत होतं... हा मोडेमचा, तो स्कॅनरचा, त्या कोपऱ्यातला दोन साउंड कार्डांचा. सगळे रडत होते. मी रडलो नाही, मला राग आला होता. माझ्यासाठी यातले किती येतील, हा विचार त्या गर्दीत मनात आला, आणि राग आणखी वाढला.

दिवसकार्य झाल्यावर मी दुकान उघडलं. पहिला आला मंजुनाथ. माझं कन्नड भांडणापुरतं चांगलं आहे, त्याच भाषेत आमचं बोलणं झालं. त्याच्या गिऱ्हाइकाला जुन्या स्कॅनरसकट नवी विंडोज हवी होती.

“पेटीत असेल ना?” त्याने कोरी फ्लॉपी पुढे केली.

“आहे. बदल्यात काय आणलंस?”

तो हसला. मी हसलो नाही. “अण्णा तर नुसतं...”

“अण्णा नाही. मी आहे. माझ्याकडे नसलेला एक ड्रायव्हर आण, आणि हा घेऊन जा.”

कंजूष, असं काहीतरी पुटपुटत तो निघून गेला. दुपारी परत आला तो एका मोडेमचा ड्रायव्हर घेऊन, जो मी कित्येक महिने शोधत होतो! इतके दिवस तो त्याच्याकडे पडून होता. अण्णाने त्याला कधी मागितलंच नव्हतं, देण्याच्या नादात. मी तो दोन फ्लॉप्यांवर उतरवला, एक पेटीत ठेवली, दुसरी घरी नेली, आणि मगच त्याला स्कॅनरचा दिला.

तेव्हापासून हाच नियम आहे. लोक बोटं मोडतात, पण येतात, आणि पेटी आता अण्णाच्या वेळेपेक्षा जड झाली आहे. अण्णावरचा माझा राग गेलेला नाही, जायचं कारणही नाही. त्याने सुरू केलेलं मी बंद पडू देणार नाही, एवढंच. तुमच्याकडे जुन्या यंत्राबरोबर आलेली फ्लॉपी कुठे पडली असेल तर ती टाकू नका. दुकानात या, तुम्हाला हवा तो ड्रायव्हर असला तर मिळेल. रिकाम्या हाताने मात्र येऊ नका.