दुसऱ्यांदा कुणी विचारेना

यंदा सुट्टीत घरी आले आणि पहिल्याच दिवशी आईनं मला उपाशी ठेवलं.

म्हणजे ताटात सगळं होतं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. एक भाकरी संपली तशी आईनं विचारलं, "अजून वाढू?" मी सवयीनं ताटावर आडवा हात धरला. "नको, बास." त्यावर तिनं टोपलं झाकलं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. मी हात तसाच धरून बसले. विमानात धड खाल्लं नव्हतं, पोटात कावळे ओरडत होते. आमच्या घरात पहिलं 'नको' आजवर कुणी ऐकलेलंच नाही. दुसऱ्या 'नको'ला 'अगं, अर्धी तरी' असतं, आणि तिसऱ्याच्या आत भाकरी ताटात पडलेली असते. मग 'कशाला गं वाढलीस' असं कुरकुरत ती चवीनं खायची. एवढा सोहळा झाल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही.

आईचं काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळलं. काय ते कळेना.

काही वर्षं झाली, मी इंग्लंडात समुद्रकाठच्या एका छोट्या गावात गणित शिकवते. तिथं पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत विज्ञानाच्या बाईंनी मला विचारलं, चहा घेणार का. मी रीतीप्रमाणे म्हटलं, नको नको, कशाला. बाई 'बरं' म्हणाल्या, स्वतःचा मग भरून आणला आणि माझ्यासमोर बसून निवांत प्यायला लागल्या. मी बघतेय. आता विचारतील, मग विचारतील. घंटा झाली, बाईंनी आपला मग विसळून ठेवला आणि आम्ही दोघी आपापल्या वर्गावर गेलो. त्या दिवशी मी इतकी चिडले होते की वर्गात बेरीज चुकले. पण बाई मनानं चांगल्या होत्या. पुढं मी तापानं फणफणले तेव्हा सूप घेऊन त्याच दारात उभ्या राहिल्या. फक्त त्यांच्याकडं नको म्हणजे नको, एवढंच.

पोरांचंही तसंच. 'समजलं का?' विचारलं की वर्गातून सरळ उत्तर यायचं, 'नाही.' इथं शिकवायचे तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात 'हो' म्हणायचा आणि चाचणीत निम्म्यांना भोपळा. सुरुवातीला त्या 'नाही'नं माझ्या डोक्यात तिडीक जायची. नंतर ते आवडायला लागलं. समोरचा खरं बोलतोय म्हटल्यावर निम्मं काम तिथंच झालं.

हे सगळं मी आईला फोनवर तिखटमीठ लावून सांगायचे. वर शहाणपणाही शिकवायचे. "इथं एकदाच विचारतात, आई. किती सुटसुटीत! आपल्याकडं उगीच आग्रह करकरून माणसाचा जीव खातात." आई कन्नड तालुक्यातली, लग्न होऊन शहरातल्या छावणी भागात आली ती इथलीच झाली. ती नुसतं "व्हय का" म्हणायची. वडील गेल्यापासून ती एकटीच असते, त्यामुळं फोन लांबायचा.

तर यंदाची सुट्टी. तिकडच्या शाळेला माझ्याकडून उत्तर हवं होतं. पुढं राहणार की सोडणार, ते सुट्टी संपायच्या आत कळवायचं होतं. आणि मला ते ठरवता येत नव्हतं. घरात पाय टिकेना. आईची स्कूटी काढायची, औरंगपुऱ्याच्या बाजारात जायचं, गर्दीतून दोन चकरा मारायच्या आणि काहीच न घेता परत यायचं. तिकडं असते तेव्हा इथल्या हॉर्नचीसुद्धा आठवण येते. इथं आले की चौथ्या दिवशी तिकडची ती रविवारची शांतता हवीशी वाटते, जिथं कुणी बेल वाजवून 'जेवलीस का' विचारत नाही. ना घर का ना घाट का म्हणतात ते हेच. भेटेल तो विचारायचा, "कवा आलीस? कवा जाणार?" जाणारच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. 'जाऊ नको' असं कुणीतरी म्हणावं, आणि तेही आईनं म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण ते मागून कसं घेणार?

अन् एका सकाळी तिनं खरंच विचारलं. ती भाकरी थापत होती, मी ओट्याला टेकून उभी होते. वर न बघता म्हणाली, "औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत गणिताची जागा निघालीय म्हणं. ऱ्हातीस का इथंच?"

हेच ऐकायला मी थांबले होते. आणि तोंडातून काय निघालं? "नको गं. तिकडं आता बस्तान बसलंय."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

मी थांबले. भाकरीला पाणी लावून झालं, ती उलटली, आचेवर टम्म फुगली. आता म्हणेल, 'अगं, बघ तरी.' ती म्हणाली, "ताट घे." मला इतका राग आला की जेवण अर्धं टाकून मी शेजारी खालाकडं जाऊन बसले.

खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी आईची जुनी मैत्रीण. तिच्याकडं आईची तक्रार करायची मला लहानपणापासून मुभा आहे. मी सगळं भडाभडा सांगितलं. भाकरीचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं, आईला माझं काही पडलेलंच नाही असंही म्हणाले. खालानं कपाळावर हात मारला.

"अगे दीवानी! तेरी अम्मीच मेरे कू बोली, पोरगी घर कू आई तो जबरदस्ती नक्को करो. उधर एकीच बार पूछते बोलके. परसों तू मेरे कने खीर को नक्को बोली, मैं दुसरी बार पूछने गई तो तेरी अम्मी मेरा हात पकड ली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "रात कू रोती बी है. तेरे कू बोलू नक्को बोली."

मी तशीच उठले. अंगणाच्या भिंतीपर्यंत येईतो राग होता, दार उघडेपर्यंत तो कुठंतरी गळून गेला. आई परातीत भिजवलेलं पीठ झाकून ठेवत होती. माझं अर्धं टाकलेलं ताट तिनं तसंच ठेवलं होतं.

"तू दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता.

"तूच सांगितलं व्हतंस, जीव खाऊ नका म्हणून."

"ते चहाचं होतं, आई!"

"मला काय ठाव कशाचं व्हतं." मग ती पाटावर बसली आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघून बोलली. "हे बघ. भाकरीचा आग्रह निराळा. पोट दुखलं तर एक दिवस दुखंल. ह्याचा आग्रह केला अन् तू ऱ्हायलीस, तर जल्मभर म्हणशील, आईनं अडकवलं. मला लई वाटतंय गं तू ऱ्हावंस. लई वाटतंय. पण मी वाढणार नाय. तुझं तू घे."

मला रडू आलं, ते मी दाबलं नाही. ज्या वर्गात पोरं तोंडावर 'नाही' म्हणतात त्या वर्गाचं मी कौतुक करत फिरत होते. स्वतःला काय हवंय ते आईसमोर सांगायला मात्र मला जमत नव्हतं.

"मला राहायचंय," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो."

"तिकडची शांतता आठवंल. इथं लोक डोकं खातील. परत इचार कर."

"केला. राहायचंय."

"अजून एकदा सांग."

"राहायचंय, आई."

मग तिनं परात पुढं ओढली, झाकण काढलं आणि आधीच्या पिठात आणखी दोन मुठी पीठ घातलं.