जीभ बांधलेल्या घंटा

ढोरकीभाऊंच्या घरी पहिल्याच दिवशी मी एक दोरा तोडला. भिंतीवरच्या खुंटीवरून गाईच्या गळ्यातली एक लाकडी घंटा काढली. तिच्या पोटातल्या लोलकाला मळका दोरा गुंडाळलेला होता. कचरा असेल म्हणून मी तो नखानं ओढून टाकला आणि माईकसमोर घंटा ऐटीत हलवली. ठक्, ठक्. माझ्या मते आवाज छान आला. पण अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या सुनेचं सूप हातातल्या हातात थांबलं आणि दाराशी लोळत पडलेलं कुत्रं उठून निघून गेलं. भाऊ रागावले नाहीत. ते सावकाश उठले, जंगलाकडे उघडणारं मागचं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि घंटेची जीभ पुन्हा बांधत हळूच म्हणाले, "बाबू, तू तं बलावलं. आता कोनी आलं तं त्याले काय सांगू मी?"

केसांना कलप लावणाऱ्या मला 'बाबू' म्हणणारा माणूस पृथ्वीवर तेवढा एकच उरला होता, त्यामुळे मला ते आवडलं. वाक्याचा उरलेला भाग घरी जाताना मोटारसायकलवर आठवला आणि मग मोहर्लीचा रस्ता संपेपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही.

मी ऊर्जानगरचा. नोकरी वीज केंद्राच्या कचेरीत, आणि हौस फोटोंची. वसाहतीतले वाढदिवस, विहारातले कार्यक्रम, साहेबांचे निरोप समारंभ, सगळीकडे कॅमेरा घेऊन मीच. चंद्रपुरातल्या एका लहानशा संग्रहालयानं लोकांच्या घरी जपलेल्या जुन्या वस्तूंची संगणकावर नोंद करायचं ठरवलं, तेव्हा हात वर करणाराही मीच. वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढायचे, मापं घ्यायची, आणि वाजणारी असेल तर आवाज भरून आणायचा. सोपं काम. त्यात मोहर्लीच्या अलीकडच्या एका गावात घंटांची अख्खी खोली आहे म्हणून कळलं, तेव्हा तर मी पेढे वाटायचाच बाकी होतो.

ढोरकी म्हणजे गुरं राखणारा. भाऊंनी जन्मभर गावाची गुरं जंगलात चारली. आता तिकडची चराई बंद झाली आणि पुतणे पर्यटकांना जिप्सीतून वाघ दाखवतात. भाऊंच्या खोलीत होत्या त्या वाघानं नेलेल्या गुरांच्या घंटा. जनावर परत यायचं नाही, पण घंटा कधी नाल्यात, कधी बांबूच्या बेटात सापडायची. ती उचलून आणायची, जीभ बांधायची आणि तोंड भिंतीकडे करून टांगायची, हा भाऊंचा नेम. वारा आला की भिंतभर टांगलेल्या घंटा एकदम डोलायच्या आणि आवाज नाही. तोंडावर बोट ठेवून बसवलेला वर्ग जसा डोळ्यांनी बोलतो, तशा. त्या खोलीत मी पाठ भिंतीला लावूनच काम करत असे. सुनेला सांगितलं, कमरेला आराम पडतो.

भाऊ स्वतःही आवाज जपून वापरायचे. शेजारच्याला हाक मारायची तर उठून त्याच्यापर्यंत जात. "जंगल आपल्याले पायत नाई, आयकते," असं ते म्हणायचे. पर्यटकांच्या गाडीतून कोणी जोरात हसलं की भाऊ कपाळाला हात लावत, आणि तो माणूस परत आला का, याची संध्याकाळी पुतण्याकडे चौकशी करत.

बांधलेली घंटा वाजवायचा हक्क ज्याची गाय त्याचाच. त्यानं यावं, दोरा सोडावा, एकदा वाजवून गाईला निरोप द्यावा, मग ती घंटा मोकळी. माझ्या कामासाठी भाऊ स्वतः घरोघर फिरले. माणसं आली. सगुणाबाई नावाची म्हातारी तर काठी टेकत शेजारच्या गावाहून आली आणि घंटा वाजवल्यावर माईकच्या तोंडावरच गाईला म्हणाली, "सांगितलं व्हतं तुले नाल्याकडे जाऊ नोको. आयकलं काय कोनाचं?" शिव्यांसकट ते सगळं संग्रहालयात जमा आहे. भाऊ लॅपटॉपला पेटी म्हणत. प्रत्येक आवाज पेटीत गेल्यावर विचारायचे, "आता हे आतमंदी निजून रायते का जागी?" मी हसून 'निजून' म्हणायचो.

आमच्या आजोबांनी घरातले देव काढले, तेव्हा भुतंही त्याच टोपलीत घालून दिली होती. त्यामुळे मी कशाला भीत नाही. फक्त उन्हं उतरायच्या आत घरी पोचायला मला आवडतं.

होता होता सगळ्या झाल्या आणि एक राहिली. अगदी कोपऱ्यातली, लहान. तिचे फोटो झाले होते, पण आवाजाचा रकाना रिकामा होता. मी दोनतीनदा विषय काढला. भाऊ दर वेळी चहा सांगायचे. शेवटी सुनेनं मला विहिरीपाशी गाठून सांगितलं.

भाऊंचा धाकटा भाऊ सोमा ऐन जवानीत एका दुपारी चुकलेली गाय शोधायला जंगलात गेला. गाय संध्याकाळी आपल्या पायानं घरी आली, गळ्यात घंटा नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊंना ती घंटा जंगलात सापडली. फांदीला नीट टांगलेली, आणि तिची जीभ बांधलेली. दोरा सोमाच्याच धोतराच्या काठाचा. कशापासून तरी लपायचं म्हणून त्यानं गाईला मुकं केलं आणि पुढे हाकललं, एवढं कळत होतं. पण ना रक्त, ना पायाचा ठसा, ना सोमा.

"बाकीच्या गाठी माह्या हायेत," मी परत आत गेलो तेव्हा भाऊ म्हणाले. सुनेनं सांगितल्याचं त्यांनी ओळखलं होतं. "हे त्याची हाये. सोडली तं तो मेला म्हनाव लागते. नाई सोडली तं तिचा आवाज आयकल्याबिगर मीच मरतो. माहे कान चालले, बाबू."

मी म्हटलं, राहू द्या भाऊ, रकाना रिकामा ठेवू. त्यांनी त्या घंटेवरची धूळ पंचानं पुसली. मग म्हणाले, उद्या सकाळी ये.

सकाळी ते मला घरात बसू न देता गावाच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली घेऊन गेले. पलीकडे जंगल सुरू होतं. मी माईक उभा केला, कानांना हेडफोन लावले. भाऊंनी गाठ कापली नाही. म्हाताऱ्या नखांनी एकेक पीळ उलगडला. दोरा कमरेला खोचला आणि घंटा हलवली.

ठक्, ठक्. साधा, कोरडा आवाज. भाऊंनी डोळे मिटले.

आवाज विरला. मी बटण बंद करणार, एवढ्यात हेडफोनमध्ये तोच आवाज पुन्हा आला. फार लांबून. ठक्. मग थांबून, ठक्. चालताना गुराच्या गळ्यात वाजतो तसा. मी हेडफोन काढले, तर नुसती सकाळ. पाखरंसुद्धा नाहीत. तिकडे गुरं जात नाहीत, आवाज परतवायला डोंगर नाही. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आला का पेटीत?" त्यांनी विचारलं.

'हो' म्हणून तो दुसरा आवाज लपवावा असं फार वाटलं. पण ज्या माणसानं आयुष्यभराची गाठ सोडली होती, त्याला नुसतं 'हो' कसं म्हणणार? मी हेडफोन त्यांच्या कानांना लावले आणि आवाज पूर्ण वाढवून सुरुवातीपासून ऐकवलं. ते उकिडवे बसून ऐकत राहिले. संपल्यावरही हेडफोन काढेनात. मग ते बोलले, आणि मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा झालेला ऐकला.

"लय दूर हाये. पन येऊन राह्यला."

बाकीच्या घंटा संग्रहालयाच्या गाडीत गेल्या. ही त्यांनी दिली नाही. मागच्या दाराबाहेर, जंगलाकडे तोंड करून, मोकळ्या जिभेनं टांगली. मी निघालो तेव्हा ते तिथेच बाज टाकून बसले होते. 'येतो भाऊ' म्हटलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. ऐकत होते.

पावसाळा सरता सरता भाऊ गेल्याचा फोन आला. मी भेटायला गेलो. सून सांगत होती, त्रास काही नाही, पावसामुळे आत घेतलेल्या बाजेवर झोपेतच गेले. मागच्या दाराची कडी मात्र रात्री आतून लावलेली होती ती सकाळी उघडी होती आणि दाराबाहेरची घंटा नव्हती. कुत्रं भुंकलं नाही. पुतण्यानं वानरांवर संशय घेतला, सुनेनं कोणावरच नाही. "चेहऱ्यावर कसं व्हतं सांगू का," ती म्हणाली, "पाव्हना आल्यावानी." मी घराभोवतीचं गवत काठीनं चाळून पाहिलं. खरं तर काही सापडू नये, असंच वाटत होतं.

नोंद पुरी करायला संग्रहालय मागे लागलं होतं. फोटो होते, मापं होती, आवाज होता. लांबून आलेला तो भाग मागचा गोंगाट समजून काढून टाका, असंही त्यांनी सुचवलं. तेवढं मात्र माझ्याच्यानं झालं नाही. शेवटच्या रकान्यात वस्तू सध्या कुठे आहे, ते लिहायचं होतं. हरवली म्हणावं तर ज्याच्याकडून हरवली तो नाही, चोरीला गेली म्हणावं तर कुत्रं भुंकलं नाही. स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून मी अर्धा तास नुसता बसलो होतो. सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वांगी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं होतं. तिनं मानही वर केली नाही.

"त्यात काय एवढा विचार करून राह्यले," ती म्हणाली. "लिहा ना, मालक घेऊन गेला."