ऑफिसची साडी

रामटेके मॅडम माणसाला आधी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायच्या आणि मगच नमस्कार करायच्या. चिमूरच्या आमच्या सरकारी कचेरीत त्या साहेब होऊन आल्या आणि सगळे कसे सरळ झाले. आमचे कारकून गुरनुले भाऊ एकदा चमकीचा काळा शर्ट घालून आले. मॅडम गंभीरपणे म्हणाल्या, "भाऊ, वरात कुठी थांबवली? बोलवा ना आत, चहा पाजू." भाऊंचा तो शर्ट पुन्हा कचेरीत दिसला नाही.

"कपडे महाग नाई, नीट पाह्यजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "गावचा मानूस कचेरीत याचं म्हणून ठेवणीतलं धोतर काढते. अन आपन काऊन गबाळं बसाचं?" जरीचे काठ आणि किणकिणणाऱ्या बांगड्या त्यांना चालत नसत. सुती साडी, बारीक काठ, पदराला पिन. एवढ्यावर बाई अशी दिसायची की बघत राहावं!

आमची पहिली भेट मात्र फजितीची. नवऱ्याच्या मागे अनुकंपा तत्त्वावर मला ही नोकरी लागली होती. विटक्या, फिकट साड्या नेसून मी मागच्या खोलीत फायली लावत बसायचे. पहिल्या दिवशी मॅडम पांढरीशुभ्र साडी नेसून आल्या, कपाळ मोकळं. कचेरी चिडीचूप, कुणी चहासुद्धा मागवला नाही. बिचारी आपल्याच दुःखातली दिसते, म्हणून मी आत जाऊन त्यांचा हात धरला. म्हटलं, "मॅडम, हळूहळू सवय होते."

त्या खो-खो हसत सुटल्या. "अवो, माया घरवाला तिकडे ब्रह्मपुरीले पोराईचे डबे भरून राह्यला! आम्हा बौद्धाईत लग्नातबी पांढरंच नेसते. आज साहेब झाली मी, आनंदाची साडी हाय हे!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांची नजर माझ्या साडीवर गेली. "अन तू काऊन रंगावर रुसली? तुले पुढच्या टेबलावर, लोकाईसमोर बसवाचं हाय मले. पन अशी नाई."

पुढं बसायची इच्छा मला होतीच. पण घरी सासूबाई होत्या. एकुलता एक मुलगा गेलेला. त्यांच्यासमोर रंगीत साडी नेसायची कशी?

शेवटी एक मोरपंखी सुती साडी घेतली. घरून फिकट साडीत निघायचं, फायलींच्या खोलीत मोरपंखी नेसायची, संध्याकाळी पुन्हा फिकट. मॅडम वैतागल्या, "कचेरी हाय का झाडीपट्टीचं नाटक? घरून तशी निंघशीन, तवाच पुढच्या टेबलावर बसवतो."

एका संध्याकाळी गावाकडची शेवटची जीप सुटायच्या घाईत मी साडी बदलायची विसरले. अंगणात पाय ठेवला तेव्हा लक्षात आलं. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबलं. त्या उठल्या, जवळ आल्या आणि खाली बसून माझ्या निऱ्या धरल्या.

"अशीच गेली होती का लोकाईत?" त्या म्हणाल्या. "निऱ्या पाह्य कशा वर-खाली झाल्या! उद्या मी घालून देतो."

दुसऱ्या दिवशी मी घरूनच मोरपंखी साडीत निघाले. मॅडमनी नेहमीप्रमाणे पायापासून न्याहाळलं. "आज निऱ्या कोनं घातल्या? तुयाच्यानं अशा नाई होत."

"सासूबाईंनी."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. पुढच्या टेबलाची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली आणि म्हणाल्या, "बस. तुयी सासू तं मायापेक्षा मोठी साहेब निंगाली!"