भिंतीखालची मासळी

घर सोडलं त्या सकाळी माझ्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि खांद्यावर जाळं. अंगण ओलांडलं तेव्हा दादाने हाक मारून मला थांबवलं आणि जाळं काढून घेतलं. "नदी इकलीस, आता जालं कशाला तुला?" म्हणाला. बा ओटीवर पाठ फिरवून बसला होता. वैनीने भाकरी बांधून दिली. खरवईवरून अंबरनाथ आणि तिथून कॅम्प, असा मी पायी आलो. वाटभर दादाला शिव्या देत होतो. दमलो तेव्हाच थांबलो.

आता कॅम्पातच माझं दुकान आहे. गावाचं नाव उल्हासनगर झालं, तरी आम्ही अजून कॅम्पच म्हणतो. लष्कराच्या जुन्या बॅरेकचा अर्धा भाग माझा आहे, पुढे सुक्या मासळीचं दुकान आणि मागे बिऱ्हाड. कुणाच्या उपकाराने काही घेतलेलं नाही. गावात जे राहिले आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्या दोघांसाठी हे लिहितो आहे, कारण 'त्याने नदी विकली' हे वाक्य दोन्हीकडे फिरतं आणि ते अर्धंच खरं आहे.

आमचा पाडा बदलापूरच्या पुढे, उल्हास नदीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. पावसाळा लागला की खालचे मासे अंडी घालायला पाण्याविरुद्ध वर चढत, थेट भाताच्या खाचरात येत. त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. मळे, शिवडा, वाम, सगळ्या जातीचे मासे येत. बाचा नियम होता, जाणारी सोडायची, येणारी धरायची. म्हणजे अंडी घालायला वर निघालेल्या मासळीला हात लावायचा नाही, परतताना तिला पकडायचं. गावात कुणी हा नियम मोडला तर बा त्याच्या घरचं पाणी पीत नसे.

फाळणीनंतर कॅम्पात सिंधी लोक आले. एवढ्या माणसांना पाणी हवं होतं आणि अंबरनाथकडच्या कारखान्यांनाही हवं होतं. आमच्या पाड्याच्या खाली अर्ध्या कोसावर नदीला भिंत घालायचं ठरलं. ठेकेदाराच्या सुपरवायझरशी बोलायला पंचांनी मला पाठवलं. बदलापूरच्या बाजारात माझ्यापेक्षा चिवट माणूस नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निघताना बा म्हणाला, "भित घालतील तर घालू दे. पन मासलीला वाट ठेवाय सांग. बाकी काय नाय मिललं तरी चालंल."

मी सौदा करणारा माणूस. जे खरं हवं असतं ते शेवटी मागायचं, हे मी बाजारात शिकलो होतो. आधी गावातल्या सगळ्या गड्यांना बांधकामावर रोजगार मागितला, तो मिळाला. भिंतीखाली मासळी धरायचा हक्क फक्त आमच्या गावाला मागितला, तोही मिळाला. मग वाटेचं काढलं. सुपरवायझर म्हणाला की त्यासाठी नकाशा बदलावा लागेल, नकाशा बदलायचा तर काम लांबेल, आणि काम लांबलं तर तो बाहेरचे मजूर आणील. मी वाट सोडून दिली. घरी येताना वाटलं, तिनातली दोन आणली, वाईट नाही. पंचांनी मला नारळ दिला. बाने विचारलं, "वाट?" मी म्हणालो, बघू पुढे.

भिंत उभी राहिली आणि पुढच्या वलगणीला मासे तिच्यापाशी येऊन अडले. उड्या मारत, सिमेंटवर आपटत, परत उड्या मारत. जाळं टाकायचीही गरज नव्हती, लोक टोपल्यांनी उपसत होते. सगळी मासळी पोटुशी, गाबोळीने म्हणजे अंड्यांनी भरलेली. कुठून कुठून पाणमांजरं आली. एरवी वर्षात एखादं दिसायचं, तिथे दहा-बारा एकदम. आमचा माल खातात म्हणून आम्ही ती काठ्यांनी हाकलली, काही मारली. बा भिंतीकडे फिरकला नाही. बाकी सगळं गाव तिथे होतं, आज मला नावं ठेवणारे सगळे, आणि कमरेएवढ्या पाण्यात सर्वांत पुढे माझा दादा.

तो माल मी कॅम्पात नेत असे. सिंधी लोकांना गाबोळीचं भारी वेड. ते तिला आनी म्हणतात, आणि मासळीपेक्षा आनीला जास्त भाव देतात. माझं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हासोमल, साठीचा म्हातारा, सिंधू नदीच्या काठचा. बॅरेकच्या दाराशी चूल मांडून तो तळलेली मासळी विकत असे. पहिल्याच टोपलीत हात घालून त्याने विचारलं, मासे कुठे धरले? मी सांगितलं, भिंतीखाली. त्याने टोपलीतून हात काढून घेतला. मग म्हणाला, "साईं, ये माल दो-तीन साल ही आएगा. दीवार के नीचे की मछली आखिरी मछली होती है." त्यांच्याकडे सिंधूवर मोठा बंधारा झाल्यावर पल्लो नावाचा त्यांचा लाडका मासा असाच भिंतीवर डोकं आपटत राहिला, असं त्याने सांगितलं. पहिल्या वर्षी लोक नाचले, म्हणाला. मग वरच्या गावांतल्या मुलांना पल्लो कसा दिसतो तेच माहीत राहिलं नाही.

मला वाटलं, म्हातारा भाव पाडतो आहे. माल टिकणार नाही म्हणायचं आणि स्वस्तात घ्यायचा, ही जुनी चाल. मी ताठ होऊन टोपलीमागे आठ आणे चढवले. तो हसला आणि त्याने ते दिले. पैसे देताना म्हणाला, "तू सौदा अच्छा करता है, सुनता नहीं." तेव्हा त्याचा राग आला होता.

दुसऱ्या वर्षी निम्मी मासळी आली. तिसऱ्या वर्षी लोक टोपल्या घेऊन भिंतीपाशी बसून राहिले. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून शेवाळ धरलं होतं. उन्हाळ्यात जिथे कलिंगडं लावायचो ती वाळू बुडाली होती. पाणमांजर परत दिसलं नाही. त्याच पावसात पंचांची बैठक झाली आणि दादा सर्वांसमोर म्हणाला की वाट मागायला पाठवलेला माणूस रोजगार घेऊन आला. तो रोजगार कुणी केला, गाबोळी कुणी खाल्ली, असं मी ओरडून विचारलं. हात उचलणार होतो, लोकांनी धरलं. चौथ्या दिवशी मी पेटी उचलली. त्यानंतर दीड वर्षाने बा गेला. मला कळवलं ते दहाव्या दिवशी.

कॅम्पात कुणी मला काही विचारलं नाही. इथे प्रत्येकाचं काहीतरी मागे राहिलेलं, त्यामुळे उगाच चौकशा होत नाहीत. हासोमलनेच मला पहिली जागा दाखवली. मी समुद्राची सुकी मासळी आणून विकायला लागलो, सिंधी बोलायला लागलो, पापड खायला लागलो. मागे वालधुनी नदी वाहते. कारखान्यांचं पाणी सुटलं की तिच्यावर फेस येतो, म्हणून तिच्यात कुणी गळ टाकत नाही.

गेल्या वर्षी दादा दुकानात आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. मी त्याला गिऱ्हाइकं संपेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मुद्दाम. जुनी भिंत गाळाने भरली होती, ती पाडून त्याच जागी नवी आणि उंच घालणार होते. पंचांनी मला बोलावलं होतं. मी म्हणालो, नदी विकणाऱ्याला कशाला? दादा खाली बघून म्हणाला, "दुसरा कोन हाय का आमाला?"

मी गेलो. या वेळी साहेब वेगळे होते, बरोबर इंजिनियरही होता. मी बसताच पहिल्या वाक्यात सांगितलं, मासळीला चढायला पायऱ्या हव्यात, बाकी काही नको. सौद्यात यापेक्षा मूर्ख सुरुवात नसते. साहेबांनी लगेच ओळखलं की हा इथेच अडकला आहे, आणि एकेक काढून घेत गेले. गावाला रोजगार नाही. भिंतीखाली मासळीचा हक्क नाही. वाळू त्यांची. मी सगळ्याला हो म्हणालो आणि पायऱ्यांवरून हललो नाही. संध्याकाळपर्यंत एका कडेला सात टप्प्यांची उतरण नकाशात आली.

गाव भडकलं. हातची कामं घालवली, म्हणाले. एकाने विचारलं की मासे मजुरी देतात का. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "बोलू दे त्यांना. चल, जेवाय." वैनीने भात आणि वालाचं बिरडं वाढलं. बाबद्दल आम्ही बोललो नाही. मी मुक्काम केला नाही, दुकान होतं.

या पावसात दादाचा निरोप आला. वाम चढली. शिवडाही थोडा चढला. मळे मात्र तिसऱ्या टप्प्यावरून मागे फिरतात, बहुतेक पायरी उंच झाली आहे. इंजिनियरला भेटून ती फोडून घ्यावी लागेल आणि ते काम माझंच आहे, असं दादाने परस्पर ठरवलं आहे.

माझी तक्रार मिटलेली नाही. गाबोळी आम्हीही खाल्ली, एवढं गावाने एकदा तोंडाने म्हणावं, याची मी वाट बघतो आहे. मी परत राहायला जाणार नाही. माझं बिऱ्हाड इथे आहे, मुलं इथल्या शाळेत जातात, भांडायचं झालं तर मी सिंधीत भांडतो. पण पाऊस धरला की गिऱ्हाईक समोर उभं असतानाही माझ्या मनात एकच चाललेलं असतं, की पाणी आता कितव्या टप्प्याला लागलं असेल. बॅरेकमागच्या वालधुनीला पूर आला आहे, हे मला शेजारी येऊन सांगतात.