ऋतिकाच्या जागी कोण

सरावात ऋतिका पडली तेव्हा तिच्या अंगाजवळ कोणी नव्हतंच. धक्का नाही, टक्कर नाही. डावीकडून वळून बॉल मारायला गेली, पाय जमिनीत रुतला आणि शरीर फिरलं. गुडघा धरून ती खाली बसली आणि हळूच म्हणाली, "माधवीताई, काहीतरी झालं."

माधवी म्हात्रे खारबावजवळच्या एका गोदामात पॅकिंगच्या शिफ्टची इनचार्ज होती. वय सत्तेचाळीस. रविवारी गोदामामागच्या, एरवी ट्रक वळवायच्या मोकळ्या जागेत ती मुलींना फुटबॉल शिकवायची. चार वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या पोरी रिकाम्या खोक्याला लाथा मारत होत्या, ते पाहून तिनंच एक बॉल आणला होता. हळूहळू टीम झाली. यंदा भिवंडीत बायकांची सात-सात जणींची स्पर्धा होती आणि पहिल्यांदाच त्यांनी नाव द्यायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी ऋतिकाचा एमआरआय पाहिला आणि सांगितलं, लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन लागेल, आठ महिने मैदान विसरा. ऋतिका निजामपुऱ्यात एका कापडवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. दवाखान्याबाहेर रिक्षाची वाट पाहताना ती म्हणाली, "नाव काढून टाका आपलं. माझ्याशिवाय होणार नाही."

यात बढाई नव्हती. टीमचा सगळा खेळ तिच्याभोवती उभा होता. मागच्यांनी बॉल तिला द्यायचा, तिनं पुढं न्यायचा. स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते आणि नावांची यादी गुरुवारपर्यंत द्यायची होती.

घरी येऊन माधवीनं वहीत नावं लिहिली. नऊ होती, ऋतिका गेली, आठ राहिली. आठातली एक लग्नासाठी गावी चाललेली. ऋतिकाच्या जागेवर कोणाला उभं करावं? बॉल पायात आल्यावर गडबडून न जाणारी एकच मुलगी होती, मृणाली. पण मृणाली गोलकीपर. तिला पुढं आणलं तर गोलमध्ये कोण?

वही मांडीवर घेऊन ती किती तरी वेळ बसली. अशीच नावांची यादी तिनं आधी एकदा केली होती. तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि शाळेच्या टीमची कॅप्टन होती.

त्या वेळी खारबावात मुलींचा फुटबॉल ही लोकांना हसायची गोष्ट होती. तरी दौलत सरांनी टीम उभी केली. ते शिकवायचे भूगोल, पण जीव होता खेळात. भातकापणी झाली की खाचरं मोकळी व्हायची. बांध सपाट करून, भाताची टोकदार खुंटं कुदळीनं काढून पोरी स्वतः मैदान करायच्या. बॉल एकच. त्याचा ब्लॅडर इतक्या वेळा सायकलवाल्याकडून चिकटवून आणलेला की उडाला तर कुठं जाईल याचा नेम नसायचा. चेंडू खाडीकडं गेला की कोणीतरी चिखलात उतरून आणायचं, आणि संध्याकाळी आई त्या चिखलाचा हिशेब मागायची. शेजारच्या शेतात वालाच्या शेंगा भाजायचा वास सुटला की खेळ आपोआप थांबायचा. आता त्या खाचरांवर निळ्या पत्र्यांची गोदामं आहेत. जमीन विकली तेव्हा माधवीच्या वडलांनी दोन दिवस जेवण टाकलं होतं. मग त्याच पैशांत घर बांधलं.

त्या टीममध्ये गंगू होती. कातकरी. अकलोलीपुढच्या पाड्यावरची. दिवाळीनंतर तिचं घर वीटभट्टीवर कामाला खारबावला यायचं, तेवढे सहा महिने ती शाळेत. दौलत सरांनी तिचं नाव पटावर घालून घेतलं होतं. अनवाणी पळायची आणि बॉल पायाला बांधल्यासारखा तिच्याबरोबर पळायचा. दोघी एकत्र खेळायला लागल्या की सर शिट्टी वाजवायची विसरून जायचे.

मग पावसाळ्यात ठाण्याला जिल्ह्याच्या मॅचेस आल्या. गंगू तेव्हा पाड्यावर होती. सर माधवीला म्हणाले, "तू कॅप्टन. वज्रेश्वरीची एसटी पकड, तिला निरोप दे. येते म्हणाली तर बरोबरच घेऊन ये."

माधवी गेलीच नाही. आई म्हणाली, कातकऱ्यांच्या पाड्यावर पोरीनं एकटीनं जायचं नाही, आणि तिला घरात तर मुळीच आणायचं नाही. माधवीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं सांगितलं, "सर, तिच्या घरचे नको म्हणाले." सर "बरं" म्हणाले आणि गंगूचं नाव खोडून पुतळा ठाकूरचं लिहिलं.

दिवाळीनंतर गंगू आली. पहिलाच प्रश्न तिनं विचारला, "ठान्याची मॅच कवा हाय?"

"झाली," माधवी म्हणाली.

त्यानंतर गंगू पंधरा-वीस दिवस शाळेत दिसली, मग भट्टीवरच राहिली. पुढं तिचं लग्न झालं, माधवीचं झालं. गंगू दर हंगामात नवऱ्याबरोबर त्याच भट्ट्यांवर येत राहिली. स्टेशनजवळच्या बाजारात सुकट घेताना कधी समोरासमोर यायच्या. "बरी हायस?" "बरी हाय." एवढंच. सगळी मिळून तीस वर्षं.

बुधवारी माधवी अर्धी सुट्टी टाकून भट्टीवर गेली. गंगू ट्रकजवळ उभी होती. खालून तिचा मुलगा किशन दोन-दोन विटा फेकत होता आणि ती ट्रकवरच्या बाईकडं पोचवत होती. विटेकडं ती पाहतसुद्धा नव्हती. हात आपोआप जागेवर जायचे, वीट त्यात येऊन बसायची, आणि पुढं निघून जायची. माधवी बघत राहिली.

"काय गो मादवी, इकडं कशी?"

"गंगे, गोलकीपर पाहिजे."

गंगूला आधी समजलंच नाही. समजल्यावर ती इतकी हसली की किशनच्या हातातली वीट पडली. "मना नातू हाय आता!"

"वयाची अट नाही. अठराच्या वर कोणीही चालतं."

"आन् तुझ्या पोरी हसतील त्या?"

"हसू देत."

गंगू पदरानं तोंड पुसत विटांच्या थप्पीवर टेकली. माधवीनं ठरवलं होतं की हे नंतर कधीतरी सांगायचं. पण गंगू अशी समोर बसलेली पाहिल्यावर तिला राहवलं नाही.

"गंगे, त्या ठाण्याच्या मॅचला तुझं नाव होतं. सरांनी मला तुझ्याकडं पाठवलं होतं. मी आलेच नाही. तुझ्या घरचे नको म्हणाले असं खोटं सांगितलं मी."

ट्रकवरची बाई विटांसाठी हाका मारत होती. किशन एकदा आईकडं, एकदा माधवीकडं पाहत होता.

"का न्हाय आलीस?"

"आई नको म्हणाली. आणि मी ऐकलं."

"हां." गंगूनं बोटावरची लाल धूळ झटकली. "मंग हारलात ना?"

"तीन-शून्य."

"बरा झाला," गंगू म्हणाली. मनापासून म्हणाली. मग उठून पुन्हा विटा झेलायला लागली. माधवी खाली मान घालून निघाली. रस्त्याला लागते तोच मागून हाक आली, "रयवारी किती वाजता?"

पहिल्या दिवशी पोरी हसल्याच. गंगू साडी खोचून, किशनचे कॅनव्हासचे बूट घालून आली होती. बूट दोन बोटं मोठे, पुढं कापडाचे बोळे कोंबलेले. मृणालीनं चार पावलांवरून हळू बॉल मारला. गंगूनं तो झेलला आणि चिडली. "मी काय लहान पोर हाय? जोरात हान."

मृणालीनं जोरात मारला. गंगूनं तोही झेलला. पण पायाखालून येणाऱ्या बॉलला तिला वाकता येत नव्हतं. कंबर अवघडायची. आणि कधी पुढं यायचं, कधी मागं थांबायचं, हे तर तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ती पूर्वी खेळायची डाव्या बाजूला, गोल करायला.

ऋतिका खुर्चीवर बसून होती, पायाला पट्टा. माधवीनंच तिला बोलावलं होतं, पण ती आल्यापासून मोबाइलमध्ये तोंड घालून होती. तिसऱ्यांदा बॉल गंगूच्या पायातून गेला तेव्हा तिला सहन झालं नाही. "मावशी, उभ्या राहू नका तिथं! दोन पावलं पुढं या. अजून. हां, आता तिला गोल दिसतो का बघा."

"न्हाय दिसत तिला," मृणालीकडं पाहत गंगू म्हणाली, आणि तिला गंमत वाटली.

त्यानंतर गंगूला ऋतिकानंच शिकवलं. भट्टीचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपायचं. ऋतिकाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, तोवर ती रजेवर. संध्याकाळी रिक्षानं यायची, खुर्चीवर बसून हातानं बॉल फेकायची. उजवीकडं, डावीकडं, जमिनीवरून. फेकता फेकता स्वतःच्या गुडघ्याबद्दल तिनं गंगूला जेवढं सांगितलं, तेवढं घरीही सांगितलं नसेल.

मृणालीला ऋतिकाची जागा पेलायला वेळ लागला. तिला ऋतिकासारखं चुकवत पळता येत नव्हतं. शेवटी माधवीनं खेळच बदलला. एकीनं बॉल न्यायचा नाही, तिघींनी मिळून छोटे पास देत जायचं. पॅकिंगमधल्या ठकुबाईची सून जागृती टीममध्ये नवीनच आली होती, तिला डावीकडं टाकलं. लग्नाला जाणारीनं हळद उरकून मॅचला येते म्हणून सांगितलं. गुरुवारी दिलेल्या यादीतली नऊही नावं आता पक्की झाली.

स्पर्धेच्या दिवशी ट्रॅक पँट घातलेल्या गंगूला पाहून समोरच्या टीमच्या मुली एकमेकींना कोपरानं डिवचत होत्या. माधवीला ते दिसलं. पण गंगूचं लक्ष बॉलकडं होतं. दहाव्या मिनिटाला तिनं एक बॉल छातीशी धरला, क्षणभर पाहिलं, आणि दोन्ही हातांनी खालून वर, वीट फेकतात तसा, सोडला. मैदानाच्या मध्याच्याही पुढं पडला तो. बाकी कोणाला कळायच्या आत मृणाली त्याच्यामागं होती. तो एक गोल पुरला. पहिली मॅच जिंकली.

दुसरी हरली, दोन-एक. शेवटचा गोल साधाच होता. जमिनीवरून आला, गंगू वाकेपर्यंत आत गेला. तिनं बॉलला कातकरी बोलीत अशी शिवी हासडली की रेफ्रीनं तोंड फिरवून हसू लपवलं. ऋतिका खुर्चीवरून ओरडली, "मावशी, जाऊ दे!"

मॅच संपल्यावर पोरी वडापाव आणायला पळाल्या. माधवी आणि गंगू मैदानाच्या कठड्यावर बसल्या. गंगूनं बूट काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते. माधवीनं पाण्याची बाटली दिली, ती अर्धी प्यायली, अर्धी तिनं पायांवर ओतली.

"मादवी, दौलत सर हायेत का गो?"

"नाहीत. करोनाच्या आदल्या वर्षी गेले."

"त्यांची ती शिट्टी आठवते? आतला दाना पडलेली. हवाच जायची निसती."

"मग दोन बोटं तोंडात घालून वाजवायचे."

"आन् सगली कुत्री गोला व्हायची!"

दोघीही एकदम हसल्या. गंगूनं दोन बोटं तोंडात घातली, पण नुसती फूऽऽ झाली. माधवीनं वाजवून पाहिली, तिचीही तीच गत. वडापाव घेऊन आलेल्या पोरी थबकून पाहायला लागल्या. या दोघी बाया, एक इनचार्जबाई आणि एक भट्टीवरची, तोंडात बोटं घालून हवा काढत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.