मागच्या बाथरूमच्या जाळीत पाणी कुठून आलं?

भूतखेत मी मानत नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचा सगळा जन्म बहादरपुरात केळीत गेला – लिहिण्यात चुकलं तर समजून घ्या.

आमच्या घरामागे एक बाथरूम आहे. मळ्यातून आलं की केळीच्या चिकाचे हातपाय तिथं धुवायचे. शेत बटाईनं दिलं, तेव्हापासून कोणी जात नाही. माझी बायको मालती मात्र दर शनिवारी तिथल्या जाळीत बादलीभर पाणी ओतायची. मी म्हणायचो, “आंघोळ कोणी करत नाही, अन् तू मोरीला पाणी पाजते!”

“जाळीखालचं पाणी सुकलं की गटाराचा वास घरात येतो. तुमचं नाक तंबाखूनं मेलंय, तुम्हाला काय कळणार?”

ती गेली. मी त्या दाराला कुलूप लावलं. पाणी एकदाही ओतलं नाही... तिकडे बघवतच नव्हतं.

आठ महिन्यांनी दाराखालून काळं पाणी बाहेर आलं. सलीम प्लंबरला बोलावलं. त्यानं अंगणातलं चेंबर उघडून केळीच्या धाग्यांचा हा एवढा गुंता ओढून काढला. चूक माझीच. एकट्याचा वेळ जात नाही म्हणून मी दोर वळतो, खोडाचे धागे टबात भिजवतो अन् ते पाणी अंगणातल्या मोरीत ओततो.

“बाबा, रस्सी बनाओ, पर नाली को मत खिलाओ!” सलीम म्हणाला. मागचं बाथरूम सगळ्यात खाली, म्हणून तुंबलेली घाण तिथं वर आली. हे पटलं.

मग त्यानं विचारलं, “आठ महिने बंद था, तो पहले बदबू क्यों नहीं आई? पानी कौन डालता था?”

कोणीच नाही. माझी मुलगी सुनीता दर महिन्याला येते, तिचं नाक तर कुत्र्यापेक्षा तेज. तिलाही कधी वास आला नव्हता.

सुनीता म्हणाली, “बाबा, सिमेंट टाकून बुजवा ते. तिकडे नजर गेली की तुमच्या हातातला घास तसाच राहतो.” खरं होतं. मी हो म्हटलं. मिस्त्रीला शनिवारी दुपारी बोलावलं.

बुधवारी सलीमनं सगळं धुतलं, जाळीखालचं पाणी फडक्यानं टिपलं, तिकडच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला. किल्ली माझ्या करदोड्याला. गुरुवारी पाहिलं – कोरडं. शुक्रवारी – कोरडं. शनिवारी मिस्त्री सिमेंट कालवत होता, मी कुलूप काढलं... जाळीखाली काठोकाठ पाणी! नितळ, वास नाही. फरशीवर एक थेंब नाही. नळ कोरडा.

सलीमला परत बोलावलं. त्यानं पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं, व्हॉल्व्ह पाहिला, चेंबर पाहिलं. “गटर का तो नहीं है, बाबा,” एवढंच बोलला.

मिस्त्री घमेलं घेऊन दारात उभा. “दादा, माल सुकतोय. टाकू का?”

“अंगणातल्या पायरीला लाव,” मी म्हटलं.

सुनीता दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. तिला काय सांगू? मलाच माहीत नाही. तुमच्यात कोणी नळाचं काम जाणत असेल तर सांगा, ते पाणी कुठून आलं असेल. फक्त बुजवा म्हणू नका.